मांडीवरची माणसं

समुद्र बघायला जायचं, असं माजलगावच्या रामेश्वरच्या घरात चार वर्षं चाललं होतं. दर दिवाळीला बेत व्हायचा आणि दर दिवाळीला मोडायचा. यंदा मात्र रामेश्वरने मनावर घेतलं. मोंढ्यातला जोडीदार गहिनीनाथ आणि त्याचे दोन भाऊ, घरच्यांसकट सोबत घेतले, म्हणजे खर्च वाटला जाईल. तळकोकणातलं एक लहान गाव ठरलं. घरगुती खोल्या, शेगडी आणि पिठाचे डबे आपलेच, आणि एक पूर्ण दिवस बोटीने तीन बेटं. एका बेटावर जुना किल्ला, दुसऱ्यावर दीपस्तंभ, आणि तिसरं म्हणजे भरती आली की पाण्याखाली जाणारी नुसती वाळूची पट्टी. त्या तिसऱ्या बेटाचं नाव निघालं की लेकरं उड्या मारायची. ती पाण्याखाली जाते, याची मोठ्यांपैकी कुणालाच धास्ती वाटली नाही.

रामेश्वर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होता. पोत्यामागे पाव किलोची तूट त्याच्या नजरेतून सुटायची नाही. काट्यावर तो असला की शेतकरी निर्धास्त चहाला जायचे. असा हा मापाचा पक्का माणूस रविवारी सकाळी गहिनीनाथला शेजारी घेऊन वही उघडून बसला आणि त्याने एकेक नाव मोठ्याने म्हणत सहलीची माणसं लिहिली. सतरा भरली.

भिंतीशी तूर निवडत बसलेल्या कडूबाईने मान वर केली. कडूबाई ही रामेश्वरची आत्या, पंचाहत्तरी ओलांडलेली. तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. चार माणसं कुठे जायला निघाली की प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची तिला सवय होती, आणि मोजायला सुरुवात ती नेहमी लहानांपासून करायची. मेंढवाड्यात आधी कोकरं मोजतात, मोठं जनावर आपण होऊन कळपात येतं, असं ती सांगायची. "आत्या, भरली का मेंढरं?" असं पोरं तिला चिडवत.

"मोहिनी कुटं लिहिली?" तिने विचारलं.

"तिला काय लिहायचं? ती मांडीवर."

"अन् गहिन्याच्या घरची?"

"ती बी मांडीवर. लेकरं मोजतेत का कुटं, आत्या? सतरा शिटांची गाडी, सतरा माणसं. सहा लेकरं इकडंतिकडं बसतेत."

मोहिनी रामेश्वरची मुलगी. तिला सहावं सरून सातवं लागलं होतं, पण घराबाहेर ती साडेचार वर्षांची असायची. एसटीत कंडक्टरने विचारलं की साडेचार. जत्रेतल्या पाळण्यावर साडेचार. एकदा शाळेत नव्या बाईंनी वय विचारलं तेव्हाही ती साडेचारच म्हणाली, आणि ते ऐकून घरी सगळे पोट धरून हसले होते. गाडीत ज्यादा लेकरं असताना खाकी कपड्यांतला माणूस दिसला तर मुंडकं खाली घालून गप बसायचं आणि मोजून झाल्याशिवाय वर यायचं नाही, हेही तिला पाठ होतं. शहाणी पोर. सांगितलेलं सगळं ऐकायची.

बोटीचं बोलणं फोनवर झालं होतं. पहिल्या बोटवाल्याने स्वच्छ सांगितलं की एका बोटीत बारा, पाळण्यातलं पोर धरून बारा, आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट. म्हणजे दोन बोटी आल्या. रामेश्वरने त्याच्याशी पुष्कळ घासाघीस केली, पण तो माणूस हलेना. मग गहिनीनाथने कुणाकडून तरी दुसरा नंबर आणला. हा निम्म्या भाड्यात सगळ्यांना एकाच बोटीत घ्यायला तयार होता. लेकरांच्या मापाची जॅकेटं त्याच्याकडे नव्हती. घ्या की मांडीवर, तो म्हणाला. गहिनीनाथला हा माणूस आपल्यातला वाटला. आपण साठ हात विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेली माणसं, आपल्याला पाण्याचं काय, असंही तो म्हणाला.

कडूबाईने सूप बाजूला ठेवलं.

"रामेश्वर, वही मिट अन् ऐक. मी आठ वर्षांची असन. गोदावरीच्या पल्याड माझ्या मावशीचं लगीन होतं. आमी नावंत बसलो. नावाडी माणशी पैसा घ्यायचा, मांडीवरचं लेकरू फुकट. त्यानं माणसं मोजली, बावीस. धारंला गेलो अन् नाव कलांडली."

हे तिने घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रामेश्वरची बायको रोहिणी हातातलं पीठ तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

पलीकडच्या गावातले लोक धावले, कडूबाई सांगत होती. दोर टाकले, माणसं ओढून काढली. नावाड्याने काठावर सगळ्यांना ओळीने बसवलं आणि पुन्हा मोजलं. बावीसच्या बावीस! लोकांनी नारळ फोडला. गंगामाईने एकही माणूस नेला नाही म्हणून बायांनी ओवाळलं. कडूबाईची आई तेवढा वेळ बेशुद्ध पडलेली होती. ती शुद्धीवर आली तेव्हा दिवस मावळला होता, आणि तिने पहिल्यांदा मांडी चाचपली.

"माझा भाऊ. नाम्या. तीन वर्षांचा. त्याला कुणी धरलंच नव्हतं मोजण्यात. लांब खाली एका बाभळीच्या फांदीला मूठ आवळून होता. रडल्याचं दोघा-तिघांनी ऐकलं बी होतं, त्यांना वाटलं टिटवी वरडायली. लोक नारळ फोडत होते ना रामेश्वर, तवा तो जिता होता."

मग रामेश्वर म्हणाला, की आत्या, तो काळ गेला, आता बोटीला इंजिन असतं, सगळ्यांकडे मोबाईल असतो. गहिनीनाथने मान डोलावली. रोहिणी म्हणाली, "अवो, लिहा की तिचं नाव. शाईच जाती का?" रामेश्वर हसला आणि त्याने वही मिटली. नाव लिहायचं राहिलंच.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी आली. चालक सोमनाथने आत डोकावून पाहिलं आणि लेकरं जास्त आहेत, असं तोंडातल्या तोंडात म्हणाला. पण त्याला हे नवं नव्हतं. सगळे कोंबून बसले. कडूबाईला गाडी लागते म्हणून तिला पुढे चालकाशेजारी बसवलं. तिला मागे वळून डोक्यांना हात लावायचा होता, पण रामेश्वर म्हणाला की वाटेत मोज, उशीर झालाय.

बीड मागे पडलं. उजाडलं. आष्टीच्या पुढे एका ढाब्यावर नाष्ट्याला थांबले तेव्हा आठ वाजले असतील. ढाब्याच्या मागे काळ्या प्लास्टिकचं शेततळं होतं, काठोकाठ भरलेलं, भोवती कुंपण नव्हतं. आपल्याकडे आता गावोगाव अशी तळी झाली आहेत. त्यांच्या पाण्यावर कधी आवाज नसतो. लेकरं आडोशाला म्हणून त्याच बाजूला पळाली.

मिसळ अर्धी झाली असेल, तेवढ्यात एक जीप येऊन थांबली आणि खाकीतले दोघे उतरले. ते चहा प्यायला आले होते. पण सोमनाथने रामेश्वरला डोळ्याने खुणावलं, आणि मग एकच घाई उडाली. चला, उठा, हात धुवायला पुढे थांबू. रामेश्वर दाराशी उभा राहून मोजत होता. पंधरा, सोळा, सतरा. माप बरोबर आलं. दार लागलं. गाडी निघाली.

रोहिणीला वाटलं, मोहिनी मागे गहिनीनाथच्या पोरींजवळ आहे. मागच्यांना वाटलं, आईच्या मांडीवर आहे.

बारा-तेरा किलोमीटर गेल्यावर कडूबाईचं डोकं जरा हलकं झालं. ती आधाराने उभी राहिली, मागे गेली आणि डोक्यांना हात लावू लागली. आधी कोकरं. एक, दोन, तीन, चार, पाच. तिचा हात हवेत थांबला. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सोमनाथ, गाडी वळव," ती म्हणाली. "पाचच हायत."

परतीच्या त्या वीस मिनिटांत गाडीत काय झालं, हे त्यांच्यातलं कुणी नंतर नीट सांगू शकलं नाही. रोहिणी ओरडली नाही. ती फक्त आपली मांडी चाचपत होती. रामेश्वरने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

खाकीतले दोघे चहानंतर नाष्ट्यालाही बसले होते, ते अजून ढाब्यावरच होते. ढाबेवाल्याला पोरीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. त्याने हात पुसले आणि मागच्या बाजूला पाहिलं. सगळे तळ्याकडे धावले. पाणी काळं आणि सपाट होतं. काठाच्या प्लास्टिकवर घसरल्यासारखा एक ओरखडा होता, तो कालचाही असू शकत होता. रामेश्वर कपड्यांसकट आत उतरला, त्याच्या मागोमाग गहिनीनाथ. साठ हात विहिरीत उड्या मारणाऱ्या त्या दोघांचे पाय प्लास्टिकवर टिकेनात. खाकीतल्या मोठ्या माणसाने दोर आणवला, कडेला उभं राहून तोही पोरीच्या नावाने मोठमोठ्याने हाका मारू लागला. रामेश्वर बुडी मारायचा, रिकाम्या हातांनी वर यायचा, पुन्हा बुडी मारायचा.

कडूबाई काठावर खाली बसली होती. तिच्या डोळ्यांपुढे कोणतं पाणी होतं, ते तिलाच माहीत. पण मग तिचं लक्ष हाका मारणाऱ्या त्या माणसाकडे गेलं. त्याच्या शर्टाकडे गेलं. ती उठली आणि त्याच्याजवळ जाऊन हात जोडून उभी राहिली.

"सायेब, एक काम करा. तुमी दोघं गाडीत बसा अन् गाडी तिकडं लांब रस्त्याला न्या. अन् बाकीच्यांनी गप राहा."

त्यांना कळेना. पण म्हातारीच्या आवाजात असं काही होतं की ते गेले. जीपचा आवाज लांब गेला. मग कडूबाई ढाब्याच्या मागे मधोमध उभी राहिली आणि रोजच्यासारखी, जेवायला बोलवावं तशी म्हणाली, "मोहिने, झालं गं मोजून. ये आता."

भट्टीसाठी रचलेल्या सरपणाच्या ढिगामागून आधी दोन वेण्या दिसल्या. मग पोर बाहेर आली. गुडघे दुखत असावेत, ती अवघडून चालत होती. तिने जीप उभी होती त्या बाजूला एकदा पाहून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "गेले का ते? मी वर न्हाई पाहिलं, पप्पा. साडेचारच हाय म्हनणार होते मी."

रामेश्वर तळ्याच्या काठावर पालथा पडलेला होता. तिच्या आईने, त्याने, सगळ्यांनी अर्धा तास तिला हाका मारल्या होत्या, आणि ती दहा पावलांवर बसून होती. त्यानेच शिकवल्याप्रमाणे, एक शब्द न बोलता. ती तळ्यात पडली असती तरी माप सतराच भरलं असतं!

तो उठला, पोरीला जवळ घ्यायला पुढे झाला आणि ओल्या कपड्यांमुळे थांबला. तिने मात्र आपण होऊन त्याच्या पायांना मिठी मारली.

"साडेचार न्हाई," तो म्हणाला. "सहा सरले तुला. कुणी बी विचारलं तरी सहाच सांगायचं. अन् कुणाला बी बघून लपायचं न्हाई."

मग तो स्वतः रस्त्यावर जीपकडे चालत गेला आणि गाडीत तेवीस जण आहेत, असं त्याने सांगितलं. त्या मोठ्या माणसाने येऊन गाडी पाहिली. पावती फाडली, आणि जादा माणसांसाठी आष्टीहून भाड्याची जीप आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं बजावलं. जीप यायची वाट पाहत रामेश्वरने पहिल्या बोटवाल्याला फोन लावला. दोन बोटींसाठी एक मुक्काम कमी करावा लागणार होता. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"तेवीस माणसं," रामेश्वर फोनवर म्हणाला. "हां, लेकरं धरून. सहा हायत. आधी त्यांची नावं लिहून घ्या. पहिलं मोहिनी."

तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ही गोष्ट कधी ना कधी केलेली आहे. जीपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मोटारसायकलच्या टाकीवर आपण लेकरू बसवतो आणि म्हणतो, त्याचं काय, ते मांडीवर. भाडं वाचतं, जागा वाचते, आणि आपण हुशारी केली असं वाटतं. पण ज्याला आपण मोजत नाही, ते हरवलं तर त्याचा शोध कोण घेणार? माणूस केवढाही असो, त्याची मोजदाद पुरी एक. आणि लपायला शिकवलेलं लेकरू संकटातही लपूनच राहतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर बोटवाला यादी घेऊन उभा होता. समुद्र त्या सगळ्यांच्या कल्पनेपेक्षा फार मोठा निघाला, आणि गहिनीनाथ त्याच्याकडे पाहून गप्प झाला होता. वाळूवर मांडलेली लहान मापाची सहा जॅकेटं आधी लेकरांच्या अंगात गेली. वाळूच्या बेटावर उतरायचं की नाही, ते भरती बघून मी ठरवीन, असं बोटवाल्याने आधीच सांगितलं, आणि कुणी घासाघीस केली नाही. कडूबाई हात पुढे करून मोजायला निघाली. तिने मोहिनीच्या डोक्याला हात लावला, पण तोंड उघडण्याआधीच जॅकेटाच्या आतून खणखणीत आवाज आला.

"एक!"