ठकूची चौथी

ठकूचे आईबाप एकाच आठवड्यात पटकीनं गेले, तेव्हा ती सात वर्षांची होती. आळंदीच्या अलीकडं त्यांचं गाव. तिथं पोरीला ठेवून घ्यायला भाऊबंदांपैकी कुणी पुढं आलं नाही. मग तिची मावशी कुशाबाई गेली आणि तिला कडेवर मारून घेऊन आली, चाकणपासून दीड कोसावरच्या माळवाडीला.

कुशाबाईचा नवरा दादू भाड्यानं बैलगाडी हाकायचा. घरात तीन पोरं होतीच, धाकटी छबू तर अंगावर पिणारी. दादूनं ठकूकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "पाच तोंडांत सहावं. खाईल चतकोर."

शाळेतल्या ज्योतीराम गुरुजींनी पुण्याच्या एका मंडळाला पत्र लिहिलं. खेड्यापाड्यातल्या पोरक्या पोरांनी शिकावं म्हणून ते मंडळ मदत करायचं. महिन्याला सहा पायल्या जोंधळा, वर्षाला कपडा, पाटी-पुस्तकं. अट एवढीच, की पोरानं शाळा चुकवायची नाही. चौथी पास झालं की मंडळ त्याला पुण्याच्या वसतिगृहात घेऊन जाणार, पुढचं शिकवणार. पोर घरात नाही, म्हणून मग घरचा जोंधळा बंद. ठकूखेरीज गावात आणखी दोघांना ही मदत मिळू लागली. म्हाताऱ्या अंबुबाईच्या दोन नातवांना.

ठकू हुशार निघाली. दिडकी-अडीचकीचे पाढे तिला तोंडपाठ होते. गुरुजी बाहेर गेले की पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचं काम तिचं.

ती चौथीला होती त्या साली पाऊस झाला नाही. आणि त्याच दिवाळीत उतारावर दादूचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडला. हाडवैद्यानं बांधला, पण वाकडा बसला. आधी एक बैल विकला, मग दुसरा, मग गाडी. शिमग्यापर्यंत घरात धान्य म्हणून उरला तो ठकूचा जोंधळा. त्याचीच भाकरी, त्याच्याच कण्या. सहा माणसांनी खायचं म्हटल्यावर तो पंधरा दिवस पुरायचा. बाकीचे दिवस कुशाबाई चाकणला कांदा निवडायला जायची.

परीक्षेला चार दिवस उरले होते. ठकू ओट्यावर गणितं सोडवत बसली होती आणि कुशाबाई सुपात जोंधळा निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"ठके, औंदा तू पास न्हाई झालीस तर?"

ठकूला वाटलं मावशीला काळजी लागलीय. "व्हईन की. गुर्जी म्हणत्यात पैली येशील."

"तसं न्हवं." कुशाबाई सुपाकडंच बघत बोलत होती. "तू पुन्याला गेलीस की ह्यो जुंधळा बंद. काकाचा पाय बरा हुईस्तवर एक वरीस थांब. फुडल्या साली खुशाल जा. म्या सोता यष्टीत बसवीन तुला."

पोरीनं हातातली पेन्सिल पाटीवर ठेवली. आत छबू रडत होती. मग ठकूनं विचारलं, "किती गणितं चुकवू?"

"मला काय ठावं बाई."

"धा असत्यात. सात चुकवते," ठकू म्हणाली, आणि पाटीवरचं गणित पुरं करायला लागली.

निकाल घेऊन गुरुजी स्वतः घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "कुशाबाई, पेपर मी शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांकडून मागून पाहिला. पोरीनं उत्तर बरोबर काढलंय, मग खोडलंय, आणि शेजारी चुकीचं लिहिलंय. एक नाही, सात वेळा."

दादूनं भिंतीकडं तोंड केलं. कुशाबाई म्हणाली, "घाबरली आसंल. पोरीची जात हाय."

गुरुजींची नजर चुलीकडं गेली. चूल थंड होती आणि दुपार कलली होती. ते उठले. "पुढच्या वर्षी घाबरू देऊ नका," एवढंच म्हणाले आणि मंडळाच्या कागदावर 'प्रकृती ठीक नव्हती' असं लिहून त्यांनी मदत चालू ठेवायला लावली.

पुढचं साल तितकं वाईट गेलं नाही. दादू काठी टेकत चालू लागला, एका वीटभट्टीवर राखणीला बसू लागला. परीक्षा जवळ आली तशी कुशाबाईनं मनाशी ठरवलं, की ठकूला आता सांगायचं, बाई, नीट लिही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ती थांबली. पोरीला का कळत नाही, आपण एकाच वर्षाचं बोललो होतो, असं तिनं स्वतःला समजावलं. परीक्षेच्या दिवशी तिनं ठकूच्या फडक्यात भाकरी बांधून दिली. ठकू उंबऱ्यात घुटमळली. काहीतरी ऐकायचं असल्यासारखी उभी राहिली. कुशाबाई छबूला भरवत होती. तिनं मान वर केली नाही.

ठकू पुन्हा नापास झाली. ऐकल्यावर कुशाबाईला वाईट वाटलं. पण त्याच्याआधी, अगदी क्षणभर, हायसं वाटलं. ते क्षणभराचं हायसं वाटणं तिला पुढं कधी विसरता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, मंडळाच्या सुमनताई गावात आल्या. सुती लुगडं, पायात चपला, आवाज मऊ. शाळेत त्यांनी ठकूला जवळ घेतलं, मग घरी येऊन कुशाबाईशी बोलल्या.

"दोनदा नापास झालेल्या मुलाचं नाव मंडळ कमी करतं, कुशाबाई. वसतिगृहात जागा थोड्या असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डोकं काही सगळ्यांना सारखं मिळत नाही. हिला शिवण शिकवा, हात चांगला आहे हिचा."

ठकू दाराशी उभी होती. तिनं मान डोलावली, शहाण्या पोरीसारखी. आईविना पोर आपण सांभाळली म्हणून गावात चारचौघांत कुशाबाईला मान होता, आणि त्या पोरीला आज कुणीतरी मठ्ठ म्हणून गेलं होतं, तिच्याच दारात.

आठ दिवसांनी सुमनताई चाकणला धान्यवाटपाला आल्या, तेव्हा कुशाबाई चालत गेली. गर्दी सरेपर्यंत धान्याच्या दुकानाच्या कडेला बसून राहिली. मग पुढं होऊन तिनं त्यांचे पायच धरले आणि सगळं सांगितलं. उतारावरची गाडी, सात गणितं, सगळं.

"पोरगी मठ्ठ न्हाई ताई. म्या खाल्ली तिची चौथी. मला काय करायचं ती शिक्षा करा, पर तिला न्या."

सुमनताईंनी हातातली वही मिटली. "गुरुजींना माहीत होतं?"

कुशाबाईनं त्यांच्या पायांवरचे हात काढून घेतले. तेवढ्यानं त्यांना समजलं.

"मी मंडळापुढं ठेवते," त्या म्हणाल्या. "खरं तेच सांगावं लागेल मला. काय होईल ते माझ्या हातात नाही."

त्या साली ठकू केंद्रात पहिली आली. दहाच्या दहा गणितं बरोबर. दोन दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. कुशाबाईला वाचता येत नव्हतं आणि दादूलाही नाही. गुरुजींकडं जावं, तर त्यांची आधीच लांब भोरकडं बदली झाली होती. तेव्हा पत्र ठकूनंच वाचलं, ओट्यावर बसून, शाळेत धडा वाचावा तसं, एका सुरात. ठकुबाईला वसतिगृहात प्रवेश देता येत नाही. माळवाडीत मदतीचा गैरवापर झाल्याचं दिसल्यावरून त्या गावातलं धान्य थांबवण्यात येत आहे. खाली सही. सहीच्या खाली सुमनताईंनी वेगळ्या शाईनं एक ओळ लिहिली होती, 'मी प्रयत्न केला.' तीही ठकूनं वाचली.

कुशाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "यक डाव बोलले गं म्या. यकच डाव. दुसऱ्या वर्षी कुठं सांगितलं हुतं तुला?"

"न्हाई सांगितलंस."

"मंग का क्येलंस?"

"तू पास हो असं बी न्हाई म्हनलीस," ठकू म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आन् छबूला तवा आख्खी भाकरी लागाया लागली हुती. म्या गेले आसते तर तिला काय दिलं आसतंस?"

गावचं धान्य बंद झालं. अंबुबाईचे नातू शाळा सोडून पाटलाची गुरं राखायला लागले. विहिरीवर म्हातारीनं कुशाबाईसमोर आपली घागर आपटली. "माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढलास. का, तर तुला खरं बोलायचं हुतं! आधी दोन वर्सं कुठं गेलं हुतं तुझं खरं?" बाया आपापल्या घागरी घेऊन बाजूला झाल्या. कुशाबाईनं पाणी न भरताच घर गाठलं.

पंधरा पुरी होताच ठकूचं लग्न चिखलीला झालं. नवरा पिंपरीच्या बाजूला कारखान्यांची कामं निघाली होती तिथं खडी फोडायचा. माणूस शांत होता, सासू कडक. पहिल्या आषाढात कुशाबाई तिला बघायला गेली. दोघी गोठ्याच्या कडेला बसल्या. ठकूचे हात शेणानं भरलेले होते, ते तिनं लांब धरले होते.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ठकूनं विचारलं, "छबू साळंत जाती का?"

"जाती की."

"कितवीला हाय?"

कुशाबाई अडखळली. ठकूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. "मावशे, खरं सांग."

"न्हाई जात. दोन बकऱ्या घेतल्यात. त्यांच्यामागं कुणीतरी पायजे ना गं."

ठकू उठली. घमेलं उचलून तिनं कमरेवर घेतलं. सासूची आतून हाक आली, तिला ओ दिली. मग म्हणाली, "तिच्या घासापायी क्येलं हुतं म्या. तिला बी तू घरी बशिवलीस. आता मला न्याया मूळ धाडू नगंस. म्या यायची न्हाई."

ती खरंच आली नाही. नागपंचमीला दादू न्यायला गेला, तर सासरी काम आहे म्हणून तिनं त्याला परत पाठवलं. दिवाळीलाही आली नाही.

दिवाळी सरल्यावर कुशाबाईनं बकऱ्या विकल्या आणि छबूला हाताला धरून शाळेत नेलं. नवे मास्तर म्हणाले, पोरगी मोठी आहे, पहिलीत बसवावी लागेल. "बसवा," कुशाबाई म्हणाली. छबू लहान पोरांच्या रांगेत शेवटी गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि आई दारातून दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत राहिली.

त्याच आठवड्यात कुशाबाईनं दादूला चिखलीला पाठवलं, एवढंच सांगायला. वाकड्या पायानं तो गेला आणि अंधार पडायच्या आत परतला.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हनली?"

दादूनं काठी भिंतीला टेकवली. "आयकलं तिनं. मंग पानी दिलं मला प्यायला," तो म्हणाला, आणि पाय चोळत बसला.