वाटीतलं बिऱ्हाड

मी बोलतोय, काचेच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यातून, तळाशी ठेवलेल्या वाटीतून. वाकून पाहिलंत तरच दिसेन. मी प्रवाळ आहे, पण अंगठीत बसवतात ते पोवळं नव्हे. माझ्या अंगात हाड नावाची वस्तूच नाही. खाली एक मऊ पाय आणि वर अळंबीसारखी जांभळी टोपी, एवढाच मी. म्हणून माणसं मला मश्रूम कोरल म्हणतात.

माझा जन्म दुकानातल्या टाकीत झाला. एका काळ्या दगडावर आम्ही भावंडं दाटीवाटीने राहायचो. याची टोपी त्याच्या टोपीवर, रोजची कुरबुर. तेव्हा मला वाटायचं, कधी एकदा मोकळी जागा मिळतेय. मग एक दिवस दुकानदाराने पात्याने मला दगडावरून कापून काढलं. पायाचा थोडा भाग तिथेच राहिला. म्हणतात, त्या तुकड्यातूनही नवा जीव उगवतो. उगवला असेल. मला काही कोणी कळवलेलं नाही.

पिशवीतल्या पाण्यात हेलकावे खात मी या घरी आलो. टाकी घरच्या सुनेची. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते, त्यामुळे हात हलका आणि नजर बारीक. पण पहिल्या दिवशी तीही चुकली. तिने मला सुपरग्लूने दगडावर चिकटवलं. आमच्या अंगाला चीक सुटतो, त्याच्यापुढे भलेभले गोंद हात टेकतात. संध्याकाळपर्यंत मी सुटून टाकीभर भटकत होतो. भटकणाऱ्याला इथे एकच भीती, पाणी ओढणाऱ्या पंपाची. त्याच्या तोंडाशी गेलं की चिंधड्या.

सुनेने दुकानदाराला विचारून घेतलं आणि मला या वाटीत आणून बसवलं. खाली पाय धरायला बारीक खडे, वर मी वाहून जाऊ नये म्हणून लसणाच्या पिशवीची जाळी, तिला रबरबँड. जागा अशी की पाणी संथ आणि उजेड मंद. आता याच्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं. तो तसाही बघत नव्हता.

बघायच्या त्या सासूबाई. सासरे वारल्यापासून त्यांची दोन मुलांत वाटणी झाली होती. काही महिने थोरल्याकडे, काही महिने इथे. दोन्हीकडे त्यांना कोणी काही कमी करत नव्हतं, हे खरं. पण त्यांची बॅग सोफ्याखाली असायची आणि ती कधी पुरती रिकामी होत नसे. कंगवा हवा झाला की बॅग ओढायची, केस विंचरायचे, कंगवा परत आत. माणूस स्वतःच्या मुलाच्या घरी असा राहतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी घर रिकामं झालं की त्या खुर्ची ओढून टाकीसमोर बसायच्या. रंगीत मासे समोरून मिरवत जायचे, पण त्यांची नजर माझ्या कोपऱ्यातच. मला बरं वाटायचं. एकट्याला आपल्याकडे बघणारं कोणी असलं की दुपार लवकर सरते.

मग थोरल्याचा फोन आला की रविवारी आईला न्यायला येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई नेहमीसारख्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मग उठल्या आणि त्यांनी बाही वर करून पाण्यात हात घातला.

"तुलाही कोपराच दिला का रे?" म्हणाल्या. "थांब, चांगल्या जागी बसवते."

जाळी निघाली. मी नुकताच एका खड्याला पाय टेकवला होता, जेमतेम धरला होता. तो तटकन सुटला. फार दुखलं. तरी खरं सांगतो, इतक्या मायेने मला कोणी उचललं नव्हतं. त्यांनी मला सगळ्यात उंच दगडावर ठेवलं, थेट दिव्याखाली, आणि समाधानाने चहा करायला गेल्या.

उजेडाने मी आक्रसून बटणाएवढा झालो. पाण्याचा लोट आला आणि मला घेऊन गेला. नशिबाने पंपाच्या तोंडावर जाळी होती, तिला मी चिकटलो, तो संध्याकाळपर्यंत.

सून कामावरून आली, तिने रिकामी वाटी पाहिली. पंप बंद करून तिने मला बोटाच्या टोकाने सोडवलं. टोपीची एक कड फाटली होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटांना गुंडाळत.

"मीच काढली जाळी," त्या म्हणाल्या. "एकटं पडलं होतं, बघवेना."

सून चिडली नाही. मला वाटीत ठेवता ठेवता समजावू लागली. "शिक्षा म्हणून नाही ठेवलं तिथे, आई. त्याला एका जागी राहू दिलं तरच ते पाय धरतं. उचलून दुसरीकडे ठेवलं की सगळं पहिल्यापासून. सारखं हलवलं तर ते..."

ती मध्येच थांबली. वाकलेली होती, त्यामुळे सोफ्याखालची बॅग अगदी तिच्या नजरेसमोर होती. ओला हात तसाच धरून ती बॅगेकडे बघत राहिली.

"आई, तुम्हाला जायचंय का रविवारी?"

"माझं काय गं, मी कुठेही राहीन."

"तसं नाही. तुम्हाला कुठे राहायचंय?"

सासूबाईंनी बोटांभोवतीचा पदर सोडला. मग हळूच म्हणाल्या, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं." आणि खुर्चीवर बसून रडल्या.

रविवारी थोरला आला. लोक काय म्हणतील, असं दोनदा म्हणाला, थोडा रुसला, जेवला आणि एकटाच परत गेला. बॅग आता माळ्यावर आहे. कंगवा टाकीशेजारच्या फळीवर असतो, दिवसभर उघड्यावर.

मी पुन्हा जाळीखाली. फाटलेली कड भरून येतेय. पाय अजून धरलेला नाही. रोज एकेक खडा चाचपतो आणि सोडतो. काळ्या दगडावरची दाटी आठवते, तिथे कोणी माझी टोपी बाजूला सारायचं, तेही आठवतं. इथे मला ढकलायलाही कोणी नाही.

तुमच्याही घरी कोपऱ्यात कोणी असेल, तर जवळ येऊन बसा. पण उचलण्याआधी एकदा विचारा. मला विचारलंत तरी मी बोलू शकणार नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: मला इथेच राहू द्या.

सासूबाई आजही दुपारी येऊन बसतात. हात मात्र मांडीवर घट्ट धरून ठेवतात.