न चाखलेला रस्सा

मी एक जुनं पातेलं आहे. अॅल्युमिनियमचं, बुडाला काळं, काठाला पोचे आलेलं. बेळगावात वडगावला एका विणकराच्या घरी परसात, जिन्याखाली माझा मुक्काम असतो. स्वयंपाकघरात मला मज्जाव आहे, कारण तिथं देव राहतात आणि माझ्यात कोंबडी शिजते. देवांनी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. भरपूर ठोकून मला आकार दिला आणि मग दुकानात टांगलं. शामूअण्णा आणि जयाबाई या नव्या जोडप्यानं मला घरी आणलं, तेव्हापासून दर रविवार माझा.

पुढच्या खोलीत माग खडखडत असायचे. जयाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता उठायच्या आणि परसातली चूल पेटवायच्या. कोंबडीला हळद-मीठ लावायचं, कांदा परतायचा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण वाटून घालायचं, घरचं तिखट आणि गरम पाणी. इतकंच. पाव्हणा आला तर आणखी पाणी. शेवटी त्या रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन चाटायच्या, डोळे मिटायच्या आणि लागेल तेवढं मीठ टाकायच्या. सगळी पाककला त्या डोळे मिटण्यात होती.

त्यांचा मुलगा विक्रम भाकरी कुस्करून पुन्हापुन्हा रस्सा मागायचा. "आई, ही चव हॉटेलात न्हाय बघ!" कौतुक आईचं व्हायचं. पातेल्याचं कोण करतो?

पुढं विक्रम पदवीधर झाला आणि घरी बसला. मग जयाबाईंनी यल्लम्माला नवस बोलला. पोराला नोकरी लागू दे, सौंदत्तीच्या डोंगरावर त्याच्या हातानं देवीची परडी नैवेद्यानं भरीन, तोवर कोंबडी तोंडात घालणार नाही. जे चाखायचं नाही ते शिजवायचं कसं, म्हणून घरातही बंद. जिन्याखाली माझ्यात कोळ्यानं संसार मांडला. निदान त्याला तरी काम होतं.

नोकरी लागली, पण आखातात, एका गोदामात. तिकीट अचानक आलं, लगेच सोमवारचं. परडी पौर्णिमेला भरायची आणि पौर्णिमा विमान गेल्यावर. देवीनं तिचं काम केलं होतं. कॅलेंडर तिच्या हातात नसावं.

"मी न्हाय खाल्लं तर न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "पोरगं जेवून जाऊ दे माझं. तिकडं ही चव तरी लक्षात ऱ्हाईल."

मला घासलं, चुलीवर चढवलं. रस्सा उकळला आणि जयाबाईंचा हात सवयीनं पुढं आला, तसाच मागं गेला.

"अवो, जरा मीठ बघा."

शामूअण्णांचं मीठ डॉक्टरांनी रक्तदाबापायी बंद केलेलं. वर्षानुवर्षं अळणी जेवणाऱ्या त्या जिभेनं रस्सा चाखला. "बास, बास. आणि घातलंस तर समुद्र हुईल."

"खरं?"

"मग तूच चाख की."

"मला चाखता आलं असतं तर तुमची जीभ कशाला उसनी घेतली असती?"

मीठ फार कमी होतं. मला कळत होतं, पण पातेल्याला विचारतो कोण?

विक्रमनं पहिला घास घेतला आणि क्षणभर थांबला. जयाबाई दारात उभ्या होत्या.

"कसं झालंय रं?"

"झकास, आई."

"पैल्यासारखं?"

"व्हय. पैल्यासारखंच."

"मग रस्सा घे की."

"नको. गाडीत तरास हुतोय."

तो बॅग घेऊन निघाला. जयाबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. मी जवळजवळ भरलेलंच होतं.

"मीठ बरोबर हुतं न्हवं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"खारटच हुतं जरा," शामूअण्णा म्हणाले आणि उरलेला रस्सा दोन दिवस आवडीनं जेवले.

विक्रमला एवढ्यात सुट्टी नाही. परडी राहिली, म्हणून नवसही राहिला. आता माझ्यात शेजारच्या मालुबाईंच्या कोंबड्या पाणी पितात. माझा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक नाही, हे बरं.

मित्रांनो, मला पुन्हा चुलीवर ठेवा, असं मी म्हणणार नाही. ठेवणारी ठेवणार नाही आणि मागणारा इथं नाही. पण तुमच्याही परसात असं एखादं पातेलं असेल, तर घरची माणसं घरात आहेत तोवर ते तापवा. देवाला सोडायला दुसरं काहीही शोधा. परवा विक्रमचा फोन आला होता. जयाबाईंनी विचारलं, "तिकडं कोंबडी मिळती का रं?"

"मिळती की. कंपनीच्या मेसमधली. पण मीठ कमी असतंय, आई," तो म्हणाला. "अगदी घरच्यासारखं वाटतंय."