मोटारीची खांदमळणी

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, विलायती मोटार आहे. मॉरिस मायनर हे माझे नाव. पण मोताळ्यात मला सगळे 'मास्तरची गाडी' म्हणतात. माझा मुक्काम गोठ्यात असतो. मोटार आणि गोठ्यात? हसा, हसून घ्या. सुरुवातीला मीही नाक मुरडले होते. आता मला दुसरीकडे करमणार नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या कारखान्यात मला हिरवा रंग दिला, पुढच्या जाळीत दोन डोळे बसवले आणि बोटीत चढवले. खामगावच्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतले. दहा-बारा वर्षे मी त्यांना आणि त्यांच्या बॅगेला वाहिले. मग त्यांनी मोठी मोटार घेतली आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाऊन पडले. कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी रस्त्यावरून मिरवणूक गेली. बँड मला ऐकू आला, पण माझी आठवण कोणाला झाली नाही.

पुढच्या वर्षी हिंमतराव मास्तर आले. ते मोताळ्याच्या शाळेचे हेडमास्तर. धोतर, काळी टोपी आणि कोटाच्या खिशात कायम खडूचे तुकडे. त्यांच्या घरची बैलजोडी नुकतीच गेली होती. एक बैल म्हातारपणाने गेला आणि दुसरा त्याच्यामागे झुरून. शेत त्यांनी बटाईने दिले होते. पुन्हा बैल घ्यायचा त्यांना धीर नव्हता. त्यांनी माझी ताडपत्री उचलली, कोंबड्यांना हुसकावले आणि माझ्या टपावरून हात फिरवला. त्या संध्याकाळी मी मोताळ्याच्या रिकाम्या गोठ्यात उभी होते.

मला घरात ठेवायचे तर माझे नखरे सोसावे लागतात, हे मी कबूल करते. माझा पेट्रोलचा पंप कोंबडीने दाणे टिपावे तसा टकटकतो आणि मध्येच रुसतो. मग मास्तर उतरतात, पायातली वहाण काढतात आणि तिच्या टाचेने त्याला एक टप्पल देतात. वळायचे असले की माझ्या दाराजवळून नारिंगी रंगाचा एक छोटा हात बाहेर येतो. उजवा हात शहाणा आहे. डावा मात्र एकदा बाहेर आला की आत जायचे नाव घेत नाही. आठवडी बाजारातून तो तसाच मिरवत निघाला की भाजीवाल्या बायका विचारत, "काहो मास्तर, तुमची गाडी कोणाले बोलावून राह्यली?" बैलगाड्यांच्या चाकोऱ्याही माझ्या मापाच्या नाहीत. एक चाक खाली, एक वर, अशी मी लचकत जाते आणि आत बसलेले सगळे एकमेकांच्या अंगावर कलंडतात. पण कलंडताना ते हसतात. मोठ्या मोटारीत बसलेली माणसे एवढी हसताना मी पाहिलेली नाहीत.

आणि बुलढाण्याच्या वाटेवरचा राजूरचा घाट मी चढत असे. अर्ध्यावर एकदा पाणी पिऊन, पण चढत असे. तरी लोक मास्तरांना चिडवतच. "मास्तर, बैल घेतला असता तं कडब्यावर चालला असता!" मास्तर नुसते टोपी नीट करीत.

घरात माझ्याशी एकच माणूस बोलत नसे. मास्तरांच्या पत्नी सत्यभामाबाई. बैलांच्या दावणीशी मला उभे केलेले त्यांना बघवत नव्हते. दोन पोळे त्यांनी गोठ्याकडे पाठ करून काढले. तिसऱ्या वर्षी मात्र पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, मास्तर शाळेत असताना, त्या गोठ्यात आल्या. हातात तूप-हळदीची वाटी होती आणि पळसाचे पान होते.

त्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहून दुखावलेले खांदे शेकायचे, त्यांना तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीचे जेवणाचे आमंत्रण द्यायचे, अशी रीत आहे. बाई माझ्याभोवती फिरल्या. माझा खांदा शोधत होत्या.

"एवढं ओझं वाह्यते, तं हिले खांदा नसंन काय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मास्तर बॉनेट कसे उघडतात ते त्यांनी पाहिले होते. त्यांनी ते उघडले. आत इंजिनाच्या पुढच्या अंगाला माझा पंखा फिरवणारा पट्टा आहे. तो त्यांना दिसला.

"हे जोतं. घासून घासून किती काळं पडलं गं माय."

जोते म्हणजे बैलाला जुवाशी बांधायचा पट्टा. जिथे जोते घासते तोच खांदा, असा त्यांनी हिशोब केला. पट्ट्याला, त्याच्या चाकांना, आतून-बाहेरून त्यांनी तूप-हळद चोळली. मग हात जोडून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मित्रांनो, मी ओरडायला हवे होते. तुपाने पट्टा घसरतो, पट्टा घसरला की पंखा थांबतो आणि पंखा थांबला की मी तापते. पण मला तोंड नाही. आणि खरे सांगू? तोंड असते तरी त्या घटकेला मी बोलले नसते. इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता.

पोळ्याच्या दिवशी बैलांना जुपत नाहीत, म्हणून बाईंनी मलाही जुपू दिले नाही. बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. मास्तर बघून हसले. वाटीची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोठे काम होते. मास्तरांचा जुना विद्यार्थी दयाराम मलकापूरला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होता. त्याची धाकटी बहीण भिमाबाई हिला नर्सच्या शिक्षणासाठी बुलढाण्याला मुलाखतीला बोलावले होते. अकराची वेळ होती. "मी नेतो तिले," असा शब्द मास्तरांनी दयारामला दिला होता.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर माझ्या नाकातोंडातून वाफ निघू लागली. मास्तरांनी टोपीने वारा घातला, पाणी ओतले, पंपाला वहाण मारली. व्याकरण त्यांना येते, इंजिन येत नाही. भिमाबाई दाखल्यांचे पाकीट छातीशी धरून उभी होती.

"गुरुजी, मी चालत जाऊ काय?"

तेवढ्यात मागून एसटी आली आणि कंडक्टरने तिला चढवून घेतले. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, "इंजिन खलास दिसते, मास्तर." मास्तरांनी मला वळवले आणि इंजिन बंद ठेवून उतारावरून परत आणले.

मी का थांबले याचा सत्यभामाबाईंनी विचार केला. त्यांना वाटले, तूप कमी पडले. दुपारी त्यांनी गुपचूप आणखी एक वाटी चोळली! संध्याकाळी मास्तरांनी मला अंगणात सुरू करून पाहिले, तर मी पहिल्यापेक्षा लवकर उकळले.

"पोरीची मुलाखत हुकली असंन तं दयारामले मी कोणतं तोंड दाखवू?" मास्तर म्हणाले. "आता पुरे झालं." त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला मलकापूरहून बैलगाडी घेऊन आला. बैलांच्या शिंगांचा पोळ्याचा रंग अजून ताजा होता. माझ्या बंपरला दोरखंड बांधला गेला. मास्तर दुसरीकडे बघत होते. बाई गोठ्याच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दोन वाट्या तूप खाऊन मी मोडीत निघाले होते आणि त्याचे कारण एकट्या मला माहीत होते. असे भय मी कोंबड्यांच्या शेडमध्येही भोगले नव्हते.

इतक्यात सायकलची घंटी वाजली. दयाराम आला होता. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"गुरुजी, भिमी लागली! उशीर झाला, पण दवाखान्याच्या मोठ्या बाईनं मुलाखतीले बसू देलं तिले."

मास्तर मटकन ओट्यावर बसले. दयारामची नजर दोरखंडावर गेली.

"हे काऊन बांधलं? मले पाहू तं द्या."

त्याने बॉनेट उघडले, पट्ट्यावरून बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

"गुरुजी, इंजिनाले तूप कोणं लावलं?"

मग दारातून बारीक आवाज आला. "मीनं लावलं. तिची खांदमळणी केली. घाटात थांबली म्हून अजून लावलं. मले वाटलं, कमी पडलं."

मास्तर हसू लागले. हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले. दयाराम मात्र हसला नाही. समजावून म्हणाला, "काकू, जिनात आम्ही पट्ट्याले तेलाचं बोट लागू देत नाही. पट्टा घसरला की समदं जिन बंद पडते. हिले काहीच झालं नाही. गाडी ठणठणीत हाय."

चिंधीने त्याने पट्टा पुसून काढला, पण चिकटपणा जाईना. त्याने राख मागितली. मास्तरांनी खिशात हात घातला आणि खडूचे तुकडे काढले. दगडावर त्यांचे पीठ केले, पट्ट्याला चोळले, आणि हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला मी सुरू झाले. पंखा फिरला. गार वारा अंगाला लागला, आणि मित्रांनो, मी सुटले!

दोरखंड सुटला. भंगारवाला पेढा खाऊन रिकामी गाडी घेऊन गेला. त्याचे बैलही हलक्या पायांनी गेले.

जाण्याआधी दयारामने उरलेल्या खडूने माझ्या मडगार्डवर एक गोल काढला. "काकू, हा हिचा खांदा. एवढ्यातच लावा."

या गोष्टीला सहा वर्षे झाली. भिमाबाई नर्स होऊन दवाखान्यात नोकरीला लागली. सुट्टीवर आली की माझ्यातूनच घरी जाते. तुम्हाला एवढेच सांगते. घरातले जुने काही अडले, तर मोडीत काढण्याआधी जाणत्या माणसाचे बोट त्यावरून फिरू द्या. आणि चूक कोणाची निघाली तर रागावण्याआधी बघा, ती मायेपोटी तर झाली नाही ना.

उद्या पोळा आहे. आत्ताच सत्यभामाबाई वाटी घेऊन आल्या. मडगार्डवरच्या गोलात तूप-हळद लावून झाली, आवतन देऊन झाले. बाजारातून येताना माझा डावा हात बाहेर राहिला होता, तो तसाच लोंबत होता. बाईंनी वाटी पुसून उरलेले बोटभर तूप त्याच्या सांध्याला लावले. तिथे चालते, असे दयारामने सांगितले आहे.

आणि इतक्या वर्षांचा तो हट्टी हात टुकदिशी आत गेला.