कुंपणातला बाक

“लास्ट पोझिशन काय व्हती तिची?” गोमानं विचारलं.

धाऊची म्हैस सकाळपासून सापडत नव्हती, आणि दहिवलीत काही हरवलं की माणूस आधी देवळात जाई आणि मग गोमाकडे येई. गोमा सरकारी मोजणीत साखळी धरायचा. एक टोक त्याच्या हातात, दुसरं नागूच्या. नागू त्या नोकरीतून फक्त पगार घरी आणी. गोमा पगाराबरोबर साहेबाचे शब्दही आणी. एक्झॅक्ट, सेंटर, लाइन, पोझिशन. आपल्या भाषेत ‘तिकडं’ म्हटलं की कर्जतपासून खालापूरपर्यंतचा सगळा मुलूख त्यात मावतो, अशी त्याची तक्रार होती.

“वढ्यावर व्हती,” धाऊ म्हणाला.

“वढा भिसेगावाला बी हाय. एक्झॅक्ट सांग.”

“उंबराखाली.”

“उंबराच्या कुठल्या साइडला?”

“आता म्हशीला काय माहीत रं साइड?” धाऊ रडकुंडीला आला.

गोमानं डोळे मिटले, हातानं हवेत एक रेघ ओढली आणि म्हैस आबाजीच्या पडीक शेताच्या बरोब्बर सेंटरला असणार, असं जाहीर केलं. धाऊ ते शेत तुडवत असताना म्हैस आपली आपण गोठ्यात येऊन उभी राहिली.

“पोझिशन बरोबर व्हती,” गोमा म्हणाला. “म्हैस चुकली.”

घरातही तेच. बायकोनं, गौराबाईनं, कोयता कुठंय विचारलं, तर गोमा ‘कणगीच्या राइटला, भिंतीच्या लाइनीत’ असं सांगे. ती कणगीच्या डावीकडून कोयता उचलून घेई. नागूच्या लग्नात गोमानं मांडवाच्या मेढीला ओळंबा लावून बघितला, तिथवर ठीक होतं. मग त्यानं तो नवऱ्यामुलालाही लावला. नागू जरासा डावीकडे कलत होता. लग्न लागल्यावरही त्यात काही फरक पडला नाही.

एकच जागा गोमानं कधी मोजली नव्हती.

त्यांचं पोर बारशाच्या आधीच गेलं होतं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बाप घेऊन जातो, आई घरी राहते. आणि माती लोटून झाली की मागं वळून बघायचं नसतं. गोमानं श्रावणातल्या झडीत नदीकाठच्या माळावर खड्डा खणला, बुजवला, वर कोल्हं येऊ नये म्हणून काट्याची फांदी टाकली आणि न वळता घरी आला. थोड्या दिवसांनी तो चोरून परत गेला, तर माळभर टाकळा गुडघ्याएवढा वाढलेला. फांदी दिसेना. साहेबाची दुर्बीण आणली असती तरी दिसली नसती.

गौराबाईनं कितीतरी महिने काही विचारलं नाही. मग एका दुपारी, भात झोडता झोडता, हात न थांबवता म्हणाली, “अवो, कुठं ठेवलंत त्याला?”

‘तिकडं’ म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण तिचे हात आता थांबले होते, आणि गोमाच्या तोंडात शब्द तयार होते.

“माळावरल्या करंजापासनं नॉर्थ-ईस्टला,” तो म्हणाला. “एक साखळी. एक्झॅक्ट.”

“दाखवा.”

त्यानं दाखवलं. साखळी टाकली, खुंटी मारली, ओळंबा धरला आणि बरोब्बर त्या ठिकाणी एक काळा दगड ठेवला. एवढ्या काळजीनं त्यानं सरकारचं कामही कधी केलं नव्हतं. गौराबाईचा विश्वास बसला. त्या दिवसापासून ती दर अमावास्येला वाटीभर दूध नेऊन त्या दगडाशी ओतू लागली. गोमा करंजाखाली तोंड फिरवून उभा राही. दूध भलतीकडेच पडतंय, हे गावात एकट्या मोजणीच्या माणसाला ठाऊक होतं.

मग लढाई आली. ती होती कुठंतरी लांब, पण सरकारला त्यासाठी दहिवलीच्या माळावर कोठारं हवी झाली. कोठारांना कुंपण हवं, कुंपणाला लाइन हवी, म्हणून ओव्हरसियर गुप्तेसाहेब दुर्बीण घेऊन आले. एका सकाळी लाइन नदीकडून सरळ निघाली, करंजाच्या पुढं गेली, आणि सगळा माळ मोकळा असताना नेमकी त्या काळ्या दगडावर आली. ती तशीच राहिली असती तर दगड कुंपणात गेला असता. तिथं पहारा, बंदूक. वाटी घेऊन आलेल्या बाईला कोण विचारतो?

साहेबांनी हातानं खूण केली, उजवीकडे. झेंडी घेऊन उभा असलेला गोमा आतल्या बाजूला डावीकडे सरकला.

“गोमा, लाइनीत ये.”

“लाइनीतच हाय सायेब.”

“मग दुर्बीण खोटं बोलते का?”

“उन्हाचं भरमतं सायेब तिला.”

“अरं, सरक की,” साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून नागू ओरडला. “मला वाकडा म्हनत व्हतास तू.”

गोमा हलला नाही. साहेबांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, दुर्बिणीकडे नापसंतीनं बघितलं आणि म्हणाले, “ठोक.” गोमानं दगड बाहेर राहील अशा बेतानं खुंटी ठोकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं समजून उमजून वाकडं काम केलं होतं आणि ते सुबक झालं होतं.

खांब उभे राहिले, तार ताणली गेली, तेव्हा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबाला दिसलं की नदीपासून रुळासारखं सरळ आलेलं कुंपण मधेच कुणाला तरी वाट दिल्यागत अंग चोरतंय आणि पुढं पुन्हा सरळ होतंय. त्यानं गुप्तेसाहेबांना विचारलं. त्यांनी गोमाला बोलावलं.

“काय आहे हे?”

“मिस्टेक, सायेब.”

“कुठं झाली? एक्झॅक्ट सांग.”

गोमानं हात उचलला, हवेत धरला. “तिकडं,” तो म्हणाला.

कुंपण तसंच राहिलं, कारण खांब पक्के रोवले होते. गोमा राहिला नाही. साखळीचं टोक गावातल्याच कमळ्याला मिळालं.

पुढच्या अमावास्येला गौराबाई वाटी घेऊन निघाली. गोमाला आता काम नव्हतं, तोही मागून गेला. दगडाशी ती थबकली. एकदा या बाजूला बघितलं, एकदा त्या बाजूला.

“हितंच वाकलंय व्हय कुंपन.”

“व्हय.”

“यापायी काढलं तुमाला?”

“तसंच म्हन.”

गौराबाईनं दुधाची वाटी दगडावर टेकवली. नवऱ्यानं आपल्यासाठी काय केलं ते तिला कळलं होतं. गोमा तारेतून आत बघत होता. आत सगळा माळ होता. टाकळा उपटून टाकलेला, अर्ध्या भागावर चुना आखलेला, पलीकडे पायाचे चर खणायला घेतलेले. पोर त्याच माळात होतं कुठंतरी. सगळं कुंपणाच्या आत गेलं होतं, त्याच्याच हातच्या खुंट्यांनी. आणि जिथं काहीच नव्हतं तेवढा एक तुकडा त्यानं नोकरी देऊन बाहेर ठेवला होता.

“अवो,” गौराबाई म्हणाली. “दगड हितं हाय. तुमी आत काय बघताव?”

एक्झॅक्ट, पोझिशन, नॉर्थ-ईस्ट, सगळे शब्द होते. एकही पुढं आला नाही.

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग त्याची नजर जिथं फिरत होती तिकडं बघू लागली. पलीकडे शिपाई बंदूक खांद्यावर घेऊन एका चरापासून दुसऱ्या चरापर्यंत चालत होता.

“तिकडं?” तिनं विचारलं.

“तिकडं,” गोमा म्हणाला.

“तिकडं कुठं?”

“नाय सांगता येत गं.”

गौराबाईनं दगडावरची वाटी उचलली. काटे चुकवत तारेतून हात कोपरापर्यंत आत घातला आणि दूध जाईल तेवढं लांब फेकलं. फार लांब गेलं नाही. शिपाई थांबून बघत होता. तिनं वाटी पदरानं पुसली, पदर सारखा केला आणि घराकडे वळली.

जाताना मात्र ती त्या दगडाला वळसा घालून गेली, कुंपणासारखाच.