एक अधिक एक शून्य

सिद्धता कुणी तपासायच्या आधीच गणित विभागातल्या ज्येष्ठ अळगप्पन सरांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन टाकली होती. ‘जगाला न सुटलेलं कोडं चेन्नईत सुटलं.’ मीनलोचनीने तो मथळा वाचला आणि कागद कँटीनमध्ये इडलीच्या ताटलीखाली घातला.

कोडं असं. आकड्यांच्या चौकोनातून दोन राशी काढतात, निश्चयक आणि पर्मनंट. दिसायला जुळ्या बहिणी. निश्चयकात काही पदं वजा असतात, पर्मनंटमध्ये सगळी अधिक, एवढाच फरक. निश्चयक संगणक चुटकीसरशी काढतो. पर्मनंटपुढे हात टेकतो. पण तो कायम टेकणारच, हे कुणाला सिद्ध करता आलेलं नव्हतं. सरांनी म्हणे ते केलं.

मीनलोचनीचं पीएचडीचं हे पाचवं वर्ष. तिचं काम पाहून सर म्हणाले होते, “छान आहे हो अम्मा, पण हे म्हणजे कोलमच्या रांगोळीचे ठिपके मोजत बसणं.”

व्याख्यानाला सर जरीकाठी वेष्टी नेसून आले. “ही सिद्धता कुठल्याही संख्याव्यवस्थेत चालते,” असं दोनदा ठासून म्हणाले. तिने हात वर केला.

“एक अधिक एक शून्य होतं, त्या व्यवस्थेतही, सर?”

“कुठल्याही म्हणजे कुठल्याही!”

“तिथे अधिक आणि वजा एकच. म्हणजे पर्मनंट आणि निश्चयकही एकच. मग निश्चयकही अवघड, असंच तुम्ही सिद्ध केलंत. तो तर आमची बीएस्सीची पोरं काढतात.”

सर हसले. “बरं, तेवढा अपवाद करू.”

“कुठल्या ओळीत, सर? वजा चिन्हाला तुम्ही सबंध सिद्धतेत विचारलेलंच नाही.”

सर स्लाइड मागे मागे नेत राहिले. शेवटी पाणी प्यायले.

बाहेर तिचे मार्गदर्शक तिरुवेंगडम म्हणाले, “जरा सबुरीने घ्यायचंस गं. वयाने मोठे आहेत.”

“म्हणूनच वाटलं सर, अधिक-वजा कळत असेल.”

आठवड्याने सरांनी शीर्षक बदलून तोच शोधनिबंध पुन्हा ऑनलाइन टाकला: ‘एक नवा दृष्टिकोन’. आणखी हसायला मिळेल म्हणून तिने तो उघडला, आणि एकोणिसाव्या पानावर अडकली. तिथे एक चिमुकला लेमा, म्हणजे मोठ्या सिद्धतेतलं मदतनीस प्रमेय होतं, बहुपदीच्या आंशिक विकलजांबद्दलचं. तीन दिवस तिने तो मोडायचा प्रयत्न केला. मोडेना. आणि दीड वर्षं तिचा प्रबंध जिथे रुतला होता, नेमकी तीच जागा त्याने भरत होती. माकडाच्या हाती माणिक! माकडाला पत्ताही नव्हता.

त्या लेमाला वळसा घालायला तिने दोन आठवडे घालवले. दुसरी वाट नव्हती. अखेर दातओठ खात तिने लिहिलं: ‘ही पायरी अळगप्पन यांची.’

तिचा लेख बाहेर पडला तशी सरांची ईमेल आली. “अभिनंदन, अम्मा. माझ्या कामाचं मोल उशिरा का होईना, तुला कळलं.”

तिने उत्तर पाठवलं, “तो लेमा बरोबर आहे, सर. तेवढाच.”

सरांनी त्यातले पहिले चार शब्द उचलून सगळ्या विभागाला कळवले.