कलम सोळावरचा आक्षेप

कक्ष अधिकारी बाईंनी फाटकाची कडी दोनदा वाजवली. कुणी आलं नाही, तेव्हा फाईल छातीशी धरून त्या घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेल्या. तिथे एक म्हातारा केळीच्या खोडातून काढलेले धागे, दोरासाठीचा वाख, फणीनं विंचरत बसला होता.

"तुमचा आक्षेप आला होता," बाई म्हणाल्या. "पिकांच्या टाकाऊ भागांवर उद्योग उभारायचं नवं धोरण आहे ना, त्यावर."

"तीन महिन्यांनी?" म्हातारा हसला. "सरकार पायी निघालं होतं वाटतं."

बाईंनाही हसू आलं. मसुद्यावर चारशे सूचना आल्या होत्या, बहुतेक कारखानदारांच्या, छापील. हातानं लिहिलेली ही एकच. कलम सोळाप्रमाणे दोर वळणाऱ्या प्रत्येकाला एकट्यानं चालवायचं यंत्र मिळणार होतं. पत्रात दोनच ओळी होत्या : 'दोर वळायला दोघं लागतात, साहेब. एकट्याच्या यंत्रानं पीळ बसेल, पण घर उसवेल.' कचेरीत सगळ्यांची त्यावर करमणूक झाली. बाईंनी मात्र पत्र घरी नेलं आणि जेवताना टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून पुन्हा वाचलं. त्या टेबलावर दुसरं ताट मांडून बरीच वर्षं झाली होती.

"मी ते कलम बदलून घेतेय," त्या म्हणाल्या. "दोघांचं यंत्र. वरचे साहेब तयार नाहीत, पण मी मागे हटणार नाही. फक्त काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."

म्हाताऱ्यानं फणी खाली ठेवली.

"पत्र आमच्या हिनं लिहिलं होतं. मला कुठलं एवढं सुचायला! सही तेवढी माझी." तो थांबला. "गेल्या महिन्यात गेली ती."

त्यानं फणीत अडकलेला वाख सोडवला.

"तेव्हा कलम आहे तसंच राहू द्या. एकट्याचंच यंत्र येऊ दे. मला आता तेच सोयीचं. आक्षेप खोडून टाका."

बाईंनी फाईल उघडली. अंगणाच्या टोकाला खांबावर लाकडी चक्र होतं. त्याच्या आकड्यात अडकवलेला अर्धवट दोर पीळ सुटू नये म्हणून विटेखाली दाबून ठेवला होता.

"हा असाच राहिलाय?"

"चक्र फिरवायला कोण आहे?"

फाईल मिटून बाईंनी पायरीवर ठेवली. बाह्या वर सारल्या.

"कुठल्या बाजूला फिरवायचं?"

म्हातारा उठला, कमरेला वाख गुंडाळला आणि वीट बाजूला केली. "उजवीकडे. सावकाश."

तो एकेक पाऊल मागे सरकू लागला. त्याच्या बोटांतून दोर लांबत गेला. पार कुंपणापर्यंत पोचल्यावर म्हातारा केवढासा दिसायला लागला.

"ऐकू येतंय ना?" त्यानं तिथून हाक दिली. "ती फिरवताना काहीबाही बोलत असायची."

बाईंनी घसा खाकरला. मग त्यांनी सकाळी जाग आल्यापासून काय काय झालं, ते मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.